सुनंदा गोठ्यात बोलत नाही

गाडी नांदेडच्या फलाटाला लागली तेव्हा सकाळचे सव्वासात झाले होते. यादी माझ्या हातात होती आणि तिच्यातल्या चारही वस्तू जागेवर होत्या: चष्म्याची डबी, गोळ्या, शाल आणि एक कोरी वही. सई, ईशान, माझ्या याद्यांना तुम्ही दोघं हसता हे मला ठाऊक आहे. पण या वेळी कोरी वही तुमच्यामुळेच घ्यावी लागली.

मागच्या महिन्यात सईने फोनवर विचारलं होतं, "आजी, या एआयमुळे आपलं काम जाईल अशी भीती तिकडच्या लोकांना वाटते का?" मी म्हणाले, नाशिकमधल्या आमच्या इमारतीत सगळ्यांना वाटते, कारण इमारतीत सगळे वर्तमानपत्र वाचतात. फोन ठेवल्यावर मात्र ते उत्तर मलाच अपुरं वाटलं. तुमच्या आजोबांच्या बदलीमुळे मी लातूरला अकरा वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. तिथली माझी एक विद्यार्थिनी, वसतिगृहात राहून शिकलेली सुनंदा कांबळे, बरीच वर्षं "बाई, एकदा या" म्हणत होती. तेव्हा ठरवलं: नांदेडला मैत्रिणीकडे एक दिवस, मग लातूर, मग देवणीजवळचं सुनंदाचं गाव. वाटेत जो भेटेल त्याला एकच प्रश्न विचारायचा, की तुमचं काम यंत्राला जमेल का? उत्तर येईल तसं लिहायचं. वाद घालायचा नाही.

पहिलं उत्तर स्टेशनबाहेर रिक्षात मिळालं. रिक्षावाले सलीमभाई पन्नाशीचे, दाढीला मेंदी लावलेली. प्रश्न ऐकून त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"अम्मा, बिनाड्रायव्हरची गाडी येऊन राहिली म्हणतात. येऊ द्या. शाळा सुटताना वजिराबादच्या चौकात तिला एकदा सोडा. रडत घरी जाईल."

पुढचा एक चौक ते स्वतःच्याच विनोदावर हसत होते. मग म्हणाले, "पण माझा पोरगा हाय ना, ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो. तो हसत न्हाई. बाप निवांत, पोरगा फिकिरीत, असं उलटं झालंय आमच्या घरी."

मैत्रीण निर्मला वाट पाहतच होती. तिने चुरमुऱ्यांचा सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचे पोहे म्हणा हवं तर) केला होता, वर दाण्याचं कूट आणि लिंबू. निर्मलाची एके काळी टंकलेखन संस्था होती. बावीस टाइपरायटर, सकाळी सहापासून वर्ग. आता एकच टाइपरायटर उरला आहे, तोही दिवाणखान्यात झाकून ठेवलेला, वर फुलदाणी. तिला मी प्रश्न विचारला नाही, तिनेच सांगितलं.

"संस्था बंद करा असं मला कुणी येऊन सांगितलं नाही गं. एका जूनमध्ये मुली कमी आल्या. पुढच्या जूनमध्ये आणखी कमी. मी आपली रिबिनी आणून ठेवत होते."

दुपारी आम्ही गुरुद्वाऱ्यात गेलो. लंगरमध्ये जेवलो आणि नंतर तासभर रोट्या लाटायला बसलो. माझ्या रोट्या भारताच्या नकाशासारख्या होत होत्या. शेजारच्या सरदारनी नांदेडमध्येच जन्मलेल्या, मराठी आपल्यासारखंच. त्यांनी माझी एक रोटी उचलून, गोल करून परत ठेवली. त्यांना म्हटलं, हे काम यंत्र करू शकेल ना? "करेल की, माझ्यापेक्षा गोल करेल," त्या म्हणाल्या. "पण पुण्य मग मशीनच्या नावावर जाईल ना, बहनजी. मला काय उरलं?" आणि पुढची लाटी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लातूरची एसटी पकडली. लोहा, अहमदपूर, चाकूर. डिसेंबरातलं मराठवाड्याचं रान तुम्ही पाहिलेलं नाही. जमीन काळी, भेगाळलेली, तिच्यावर हरभऱ्याचा हिरवा पट्टा, मध्येच तुरीच्या कापलेल्या रांगा, बांधावर रचलेल्या तुराट्या. झाडं थोडी आणि आभाळ फार. अहमदपूरला चहा घेताना बसच्या कंडक्टर बाईंना विचारलं. त्यांच्या गळ्यात तिकिटाचं यंत्र लटकलेलंच होतं.

"तिकीट तर आताच मशीन फाडतंय, मावशी," त्या म्हणाल्या. "पण सीटवरून भांडण लागलं की सोडवायला मीच लागते. ते शिकवा म्हणावं त्याला आधी."

इथपर्यंत माझी वही मजेत भरत होती. लातूरला ती थोडी बदलली.

लातूरमध्ये सुनंदाची मुलगी प्रतीक्षा राहते. बारावीला आहे, एका वसतिगृहात राहून वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करते. तिला गायी-म्हशींची डॉक्टर व्हायचं आहे. लातूरच्या त्या भागात गल्लोगल्ली शिकवण्या आणि पुस्तकांची दुकानं, आणि पाठीवर जड दप्तरं घेतलेली मुलं. मी तिला जेवायला बाहेर नेलं. अडलेली गणितं ती फोनमधल्या एआयला विचारते. "सर ओरडतात, हा ओरडत नाही," एवढंच तिचं मत. मग भाकरीचा तुकडा मोडता मोडता तिने विचारलं, "आजी, परवा गावात काय होणार आहे ते तुम्हाला आईने सांगितलं का?"

सांगितलं नव्हतं. ते प्रतीक्षाने सांगितलं.

सुनंदा पशुसखी आहे (जनावरांच्या प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलेली गावातली बाई). जंताचं औषध पाजते, लसीकरणात डॉक्टरांबरोबर असते, अडलेल्या गायीपाशी बसते. या कामाचं मानधन कधी मिळतं, कधी नाही. तिचं घर खरं चालतं ते फोटोवर. गायींचा विमा उतरवणारी एक कंपनी आहे. पूर्वी विम्याच्या गायीच्या कानात बिल्ला मारत. बिल्ले पडतात, कुणी काढून दुसऱ्या गायीला लावतं. म्हणून आता गायीच्या नाकाचा फोटो घेतात. आपल्या अंगठ्याचा ठसा जसा प्रत्येकाचा वेगळा, तशा गायीच्या नाकावरच्या रेषाही वेगळ्या, आणि त्या ओळखायचं काम एआय करतं. गेली तीन वर्षं सात गावांतल्या गायींचे फोटो सुनंदा काढते. त्यावर प्रतीक्षाचं वसतिगृह आणि खानावळ चालते.

"आता नवीन ॲप आलंय," प्रतीक्षा म्हणाली. "मालकानं स्वतःच्याच फोनवर फोटो काढायचा. नीट आला का नाही ते ॲपच सांगणार. परवा आमच्या गावात बघणार आहेत, लोकांना जमतं का. जमलं तर आईची सातही गावं बंद. मला फोनवर म्हणते, तू अभ्यास कर, इकडं सगळं ठीक हाय."

मी वही पिशवीत ठेवली. सुनंदाला तो प्रश्न विचारायचा नाही, असं जेवण संपेपर्यंत ठरवून टाकलं.

तिसऱ्या दिवशी निलंगा, वलांडी करत देवणीला पोचले. उतरताना चष्म्याची डबी एसटीत राहिली. यादीत पहिल्या क्रमांकावर असलेली वस्तू! चष्मा नाकावर होता म्हणून निभावलं. सुनंदा स्कूटी घेऊन उभी होती. शाळेत होती तशीच, लहान चणीची, तुरुतुरु चालणारी, आता केसांत पांढरं. मला मागे बसवून ती निघाली आणि गावापर्यंतचे आठ-नऊ किलोमीटर अखंड बोलत होती. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या सुनेने बीएड केलं, सरपंचांनी बोअर कुठे घेतली आणि पाणी का लागलं नाही. मी "हं" म्हणायचं कामही वाऱ्यावर सोपवलं होतं.

तिचं घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्याखाली प्रतीक्षाची दहावीची गुणपत्रिका चौकटीत. नवरा मल्लिकार्जुन बिदरकडे वीटकामाला गेलेला, महिन्याने येतो. चारच दिवसांपूर्वी येळवस (वेळा अमावस्या, सगळ्यांनी शेतात जाऊन जेवायचा सण) झाली होती. त्यातली भज्जी संपली होती म्हणून तिने माझ्यासाठी पुन्हा केली: तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे आणि पालेभाज्या बेसनात शिजवलेल्या. सोबत बाजरीचे वाफवलेले उंडे आणि गार आंबील. मी दोनदा वाढून घेतलं.

ॲपच्या परीक्षेचा पहिला दिवस उजाडला. कंपनीचा तरुण पुण्याहून आला होता. प्रथमेश नाव, सभ्य, पायांत पांढरे बूट. गावाने त्याला लगेच साहेब केलं. पहिलं घर माधवराव बिरादारांचं. त्यांच्या चंद्री नावाच्या गायीचा फोटो त्यांच्या पत्नी कस्तुराबाई स्वतःच्या फोनवर काढणार होत्या. बिरादारांच्या म्हाताऱ्या आईंनी मला पाहून "बा, बा" (कानडीत ये, ये) म्हणत ओट्यावर बसवलं. जवळच कर्नाटक, त्यामुळे या घरांत दोन्ही भाषा एकाच वाक्यात नांदतात.

गोठ्याच्या दाराशी आलो आणि सुनंदा गप्प झाली. एखादं यंत्र बंद करावं तशी. मला वाटलं, साहेबांमुळे असेल.

चंद्री पांढरी, अंगभर काळे ठिपके, कुणी लिहिताना शाई शिंपडल्यासारखे. देवणीच्या गायी अशाच देखण्या असतात. पण त्या दिवशी ती नुसती देखणी नव्हती. पोळ्याचा उरलेला हिंगूळ शिंगांना लावला होता. गळ्यात घुंगरमाळ, कपाळावर हळदीकुंकू, पाठीवर झूल. आणि नाक असं चकाकत होतं की त्यात माझा चष्मा दिसावा.

"नाकाला काय लावलंय?" प्रथमेशने विचारलं.

"करडीचं तेल," कस्तुराबाई अभिमानाने म्हणाल्या. "फोटू नाकाचा हाय म्हणलाव ना तुमी? मग नाक चांगलं नको दिसाया?"

कंपनीने फोनवर पाठवलेल्या सूचनेत 'गाय स्वच्छ असावी' असं एक वाक्य होतं. फोटो काढायचा म्हणजे नटायचं, हे गावाला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. कस्तुराबाईंनी फोटो काढला. ॲपने लाल चौकोन दाखवला: नाक ओळखता येत नाही. पुन्हा काढला, पुन्हा लाल. तेलावर ऊन चमकत होतं आणि रेषा त्या चकाकीत बुडाल्या होत्या. पुढच्या तीन घरांतही हेच. एका घरी तर नाकावरही कुंकवाची टिकली होती.

"हारलं वाटतं तुमचं यंत्र," माधवराव म्हणाले. "आमच्या गायीपुढं भले भले हारलेत, साहेब. तुमी चहा घ्या."

गाव हसलं. प्रथमेशही कसनुसं हसला. मी सुनंदाकडे पाहिलं. तिला काही करायची गरज नव्हती. ती नुसती उभी राहिली असती तरी संध्याकाळपर्यंत सात गावं तिचीच राहिली असती.

ती बिरादारांच्या गोठ्यात परत गेली. कमरेचं कोरडं सुती फडकं काढलं, चंद्रीच्या डाव्या अंगाला उभी राहिली, एक हात जबड्याखाली धरला आणि नाक पुसलं, हळू, कानाकोपऱ्यांतून, लहान मुलाचं पुसतात तसं. स्वतःची सावली नाकावर पडेल अशी सरकली. गायीने श्वास सोडला तेवढ्यात फोटो काढला. हिरवा चौकोन. या सगळ्यात तिच्या तोंडून एक शब्द निघाला नाही.

"हे सांगाल का मला नीट?" प्रथमेशने वही काढली. आम्ही गोठ्यापासून लांब, पिंपळाच्या पारावर येऊन बसलो आणि सुनंदाला पुन्हा वाचा फुटली. तिने सगळं सांगितलं. फडकं कोरडं पाहिजे. डाव्या अंगाला उभं राहायचं. ऊन आपल्या अंगावर घ्यायचं. श्वास सोडला की लगेच काढायचा, घेताना न्हाई. तो भराभरा लिहून घेत होता.

"आन् बोलायचं न्हाई," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मी गोठ्यात बोलत न्हाई, साहेब. सुई, बिल्ला, कडू औषध, सगळं गायीला माझ्या आवाजाबरोबरच आलंय. आवाज आला की ती मागं सरती. म्हणून आत गेलं की मी मुकी."

प्रथमेशने पेन थांबवलं. "ही तुमच्यापुरती सवय झाली, ताई. मालकाला काय अडचण?" पहिली चार वाक्यं मात्र त्याला फार आवडली होती. इतकी, की त्याला एक कल्पना सुचली. इथल्या बऱ्याच बायकांना लिहिलेल्या सूचना वाचणं सवयीचं नाही. ॲपने बोलून सांगितलं तर? आणि तेही इथल्याच भाषेत, इथल्याच आवाजात? त्याने फोन सुनंदापुढे धरला.

"पण मी गोठ्यात…"

"तुम्ही नाही बोलणार ताई, फोन बोलेल."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग तिने घसा साफ केला आणि शाळेत कविता म्हणायची तशी सरळ उभी राहून चार वाक्यं फोनमध्ये म्हणाली.

घरी जाताना मी विचारलं, "सगळं सांगायची काय गरज होती गं?"

ती म्हणाली, "बाई, माझी आई या बिरादारांच्या गोठ्याच्या दारापर्यंत यायची. शेणाची पाटी दारातच मिळायची तिला. मी आत जाते, गायीच्या तोंडात हात घालते. आत घेतलंय ते काम येतंय म्हणून. विचारल्यावर येत न्हाई म्हणू?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा बिरादारांचं घर. चंद्री आज साधीच होती, फक्त घुंगरमाळ काढायची राहिली होती. प्रथमेशने सांगितलं, परीक्षा खरी व्हायची तर सुनंदाताईंनी दिसायचं नाही. तिला गोठ्याच्या भिंतीमागे उभं केलं. मी दारात, शाल गुंडाळून, शेजारी प्रथमेश. आत फक्त कस्तुराबाई, गाय आणि फोन.

कस्तुराबाईंनी बटण दाबलं. फोनमधून सुनंदाचा आवाज आला, खणखणीत: "गायीचं नाक कोरड्या फडक्यानं पुसा."

चंद्रीचे कान ताठ झाले. ती दोन पावलं मागे सरली आणि डोळे फिरवून दाराकडे बघू लागली.

"डाव्या अंगाला उभं ऱ्हावा," फोन म्हणाला.

चंद्रीने मान झटकली. दावं ताणलं गेलं. पाण्याची बादली आडवी झाली.

"अगं सुनंदे, गप की जरा!" कस्तुराबाई फोनवर ओरडल्या.

"मी गप्पच हाय की, काकू!" भिंतीमागून सुनंदा म्हणाली.

आता दोन्हीकडून तोच आवाज आला. दावं तुटलं. चंद्री घुंगरं वाजवत माझ्या शेजारून बाहेर पडली, माझी शाल शिंगाला लागून तिच्याबरोबर गेली, आणि प्रथमेशचे पांढरे बूट तो ज्यात उडी मारून उभा राहिला त्या शेणात गेले. फोन कस्तुराबाईंच्या हातातून पडला होता आणि गव्हाणीतून शांतपणे सांगत होता, "श्वास सोडला की फोटो काढा."

गल्लीत बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. माधवराव म्हणाले, "साहेब, यंत्र लई शिकलेलं हाय तुमचं, पण आमची चंद्री शाळेत गेलेली न्हाई. तिला कसं कळावं ह्यो फोन हाय आन् ती सुनंदा हाय?"

हसत नव्हती ती एकटी सुनंदा. ती गायीमागे गेली होती. वीस मिनिटांनी दोघी परत आल्या. सुनंदाच्या खांद्यावर माझी शाल, हातात तुटक्या दाव्याचं टोक, आणि तिची नजर गायीच्या पायांवर. चंद्रीला बांधून, चारही पाय चाचपून, पोटावर हात ठेवून ती बराच वेळ उभी राहिली. मग बाहेर, पारापर्यंत चालत आली आणि तिथे बोलली.

"साहेब, ती गाभण हाय. सातवा महिना. पाय घसरला असता म्हंजे?"

प्रथमेश दगडावर बसून बूट पुसत होता. त्याने मान खाली घातली. "सॉरी, ताई. तुम्ही काल सांगितलं होतं. मी लिहिलं नाही."

"माझा आवाज काढा त्यातनं."

"मग आवाजच नको?"

मला वाटलं, आता ती हो म्हणेल. आवाज नाही म्हणजे सूचना नाही, सूचना नाही म्हणजे पुन्हा तेल आणि कुंकू, म्हणजे पुन्हा सुनंदा. गावालाही ते कळलं असावं, कारण हसू थांबलं होतं.

"आवाज ठेवा," सुनंदा म्हणाली. "न्हाईतर बायकांना कळणार न्हाई आन् त्या गायीशी झटापट करत बसतील. बाईचाच ठेवा. पण लांबच्या बाईचा. जिनं हिथं कुठल्या गायीला सुई दिली न्हाई अशा."

प्रथमेशने ते लिहून घेतलं. या वेळी पूर्ण वाक्य लिहिलं.

निघायच्या दिवशी कस्तुराबाईंनी मला करडीच्या तेलाची बाटली दिली. "नाकाला लावू नका," माधवराव म्हणाले. सुनंदाने देवणीच्या स्टँडवर एसटीत जागा धरून दिली. खिडकीतून मी तिला म्हटलं, प्रतीक्षाला मी भेटत जाईन, फोन करत जाईन, काही लागलं तर सांग. ती म्हणाली, "लागलं तर सांगते, बाई. तुमी डबी बघा तेवढी, ड्रायव्हरला विचारून ठेवलंय मी." आणि खरंच, निलंग्याच्या चौकशी खिडकीत माझी चष्म्याची डबी माझी वाट पाहत होती.

लातूरहून गाडी धरून घरी आले. कपडे धुतले, वही टेबलावर ठेवली. सई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, की माझा प्रश्न मीच थोडा चुकीचा घेऊन गेले होते. यंत्राला काम जमेल का, यावर सगळे हसले. सलीमभाई, सरदारनी, कंडक्टर बाई, माधवराव. त्यांचं हसणं खोटं नव्हतं. पण ज्या एका बाईचं काम खरोखर टांगलेलं होतं, ती यंत्राला ते जमावं म्हणून मदत करत होती, आणि त्यात तिला काही विशेष वाटत नव्हतं. निर्मलाच्या रिबिनींची मला त्या वेळी आठवण झाली. यापेक्षा मोठं अनुमान माझ्याजवळ नाही, आणि असतं तरी मी ते या वहीत घातलं नसतं.

हे लिहून बरेच आठवडे पडून राहिलं. पाठवायला उशीर झाला, कारण शेवट माहीत नव्हता. काल सुनंदाचा फोन आला.

"आवाज आला बाई, पुण्याच्या बाईचा. लई गोड बोलती. गायी उभ्या ऱ्हातात."

"मग तुझी गावं?"

"गेली की. सातही." तिचा आवाज सरळ होता. "सकाळी दूध केंद्रावर जाते आता. दुधाचं फॅट बघायचं मशीन हाय, पण बटण दाबाया अजून माणूस लागतंय. फोटोइतकं न्हाई मिळत. प्रतीक्षाचं यंदाचं भागलं, पुढचं पुढं बघू."

मग तिनेच पुढे सांगितलं. चंद्री परवा व्यायली. अडली होती, वासराचा पाय आत दुमडलेला. डॉक्टर उदगीरला गेलेले. कस्तुराबाईंनी पहाटे फोन केला.

"कंपनीला?" मी विचारलं.

"मला हो! कंपनीला काय सांगणार त्या, फोटो काढा म्हणून?" ती हसली. "दोन तास लागले. कालवड झाली. पांढरीफेक, नुसत्या कानांपाशी काळी. दोघी चांगल्या हायेत."

"दोन तास तिच्यापाशी होतीस तर. काय म्हणालीस गं तिला?"



"काय म्हणणार, बाई? मी गोठ्यात बोलत न्हाई."